कादंबरी माझी, हात दुसऱ्याचा

आत्मचरित्र दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर मराठीत कुणाला काही वाटत नाही. आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून एक नाव छापलं की काम झालं. कादंबरीचं तसं नाही. 'कादंबरी माझी आहे, पण लिहिली दुसऱ्या कुणी' असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "मग त्यात तुमचं काय?" मलाही सुरुवातीला या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नव्हतं.

मी रेल्वेत गार्ड होतो, तोही छोट्या लाइनीवर. नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. २०१९च्या अखेरीस मोठ्या लाइनीच्या कामासाठी ती बंद झाली, त्याआधीच मी निवृत्त झालो होतो. आता तर गार्डला गार्डही म्हणत नाहीत, २०२२पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. डोक्यात एक गोष्ट बरीच वर्षं घोळत होती. १९८०च्या आसपासचा काळ, कोळशाचं इंजिन, कुही स्टेशनात ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, सापडलेली एक बेवारस पेटी, आणि पार्सल ऑफिसातला एक कारकून, जो दुसऱ्या दिवसापासून कुणाला दिसला नाही.

लोक म्हणतात, इतकं खडाखडा लिहिता, तर कादंबरी का नाही लिहिली? किस्सा मला जमतो. किस्सा दोन पानांत संपतो आणि ऐकणारा हसला की सुटका होते. कादंबरीतल्या माणसांना मात्र रोज उठवून कामाला लावावं लागतं, कुणाला काय माहीत आहे आणि कुणापासून काय लपलं आहे याचा हिशेब शेवटपर्यंत ठेवावा लागतो. माझी पात्रं तिसाव्या पानापर्यंत आली आणि तिथंच चहा पीत बसली. किती तरी महिने ती उठलीच नाहीत.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात बसणाऱ्या एका स्नेह्यानं सुचवलं की मालिकांचे एपिसोड, ऑडिओ ॲपवरच्या गोष्टी लिहिणारी पोरं आता ठेक्यानं कादंबरीही लिहून देतात. मग एका दिवाळी अंकाच्या संपादकांना सांगून ठेवलं, फेसबुकवर चार ओळी टाकल्या. उत्तरं बरीच आली. "काका, तुम्ही फक्त कथा सांगा, बाकी माझ्यावर सोडा," असं म्हणणाऱ्यांना मी तिथंच नमस्कार केला. बाकी त्यांच्यावर सोडायचं असतं तर मला कादंबरी कशाला हवी होती? विकतची घेऊन वाचली असती.

शेवटी तिघं उरले. तिघांना मी एकच प्रसंग दिला: रात्रीची वेळ, कुही स्टेशन, गार्डला आपल्या डब्यात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, नसलेली पेटी दिसते. हजार शब्द लिहा, आणि याचे प्रत्येकी दोन हजार रुपये आधी घ्या. नमुना फुकट मागू नये असं माझं ठाम मत आहे. फुकट मागितलं की दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं जुनं काहीतरी नाव बदलून हातात पडतं, किंवा ज्याला कामच नाही असा माणूस तेवढा वेळ काढतो.

पहिला नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. भाषा गुळगुळीत, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. पण गाडी घाटातून जात होती, आणि पुढं बोगदासुद्धा होता. आमच्या लाइनीवर बोगदा! फोन करून विचारलं, हा तुमचा गार्ड पेटीजवळ गेल्यावर मागं वळून का पाहतो? गडी गडबडला. म्हणाला, "सस्पेन्ससाठी." आणखी दोन-तीन प्रश्न विचारल्यावर कळलं की पानं एआयच्या मशिनकडून काढली होती आणि त्यानं स्वतः ती नीट वाचलीही नव्हती. दुसरा नमुना पंचनाम्याच्या थाटाचा. पेटीची लांबी, रुंदी, रंग, कुलूप, सगळं होतं. माणूस कुठं नव्हता.

तिसरा नमुना एका मुलीचा. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, पुण्यात राहून मालिकांचे संवाद लिहिणारी. नाव सांगणार नाही, ती तिचीच अट आहे. तिच्या प्रसंगात गार्ड पेटीकडे पाहतो आणि आधी घड्याळ बघतो. पेटीचं काय ते लिहून द्यायचं तर गाडी खोळंबणार, आणि तो लेट जर्नलमध्ये, म्हणजे गार्डच्या नोंदवहीत, कुणाच्या नावावर पडणार, स्टेशनमास्तरच्या की आपल्या, याचा तो मनाशी हिशेब करतो. मग हळूच पाय लावून पेटी फळकुटाच्या मागं सरकवतो. मी ते वाचून खुर्चीतून उठलो. गार्ड असंच करेल. भीती, कुतूहल, हात थरथरणं वगैरे नंतर. आधी लेट कुणाच्या माथी. मी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? म्हणाली, "बाबा एसटीत कंडक्टर होते काका. गाडीत काहीही झालं तरी ते आधी घड्याळच बघायचे."

तिचं नक्की झालं. मग पैसे आणि करार.

शब्दामागे दर ठरवायची पद्धत आहे. हिशेब आम्हीही त्यावरूनच केला: साठ हजार शब्द, शब्दाला दीड रुपया, म्हणजे ९०,०००. पण पैसे शब्दांवर द्यायचे नाहीत असं मी आधीच सांगितलं, कारण शब्दावर पैसे असले की माणूस नाही म्हणता म्हणता वाक्यं लांबवतो, आणि पुढं मी एखादं पान काढून टाकलं तर त्याच्या पैशांवरून भांडण. म्हणून १५,००० आगाऊ, चोवीस प्रकरणांचे प्रत्येकी २,५००, आणि उरलेले १५,००० सगळा खर्डा एकदा सलग दुरुस्त करून दिल्यावर. आराखड्यात मान्य झालेलं प्रकरण लिहून हातात आलं की त्याचे पैसे तिचे. नंतर मी ते ठेवीन की फेकीन, तो माझा प्रश्न. ही शेवटची ओळ तिनं घालून घेतली, आणि बरोबर घातली. पैसे मी प्रकरण आलं की दोन दिवसांत पाठवत होतो. फ्रीलान्स माणसाचं निम्मं आयुष्य "पेमेंट कधी?" हे विचारण्यात जातं. तो प्रश्न मिटवला की त्याच्याकडून काम मागताना आपल्यालाही ताठ बोलता येतं. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्याचं, मी सीएला विचारलं. माझ्यासारख्या पेन्शनरला, ज्याच्या धंद्याचा हिशेब ऑडिट होत नाही, तो कापावा लागत नाही.

करार भाच्यानं केला. तो जिल्हा न्यायालयात वकिली करतो, आणि मामाचं काम म्हणून फी न घेता चारदा जेवून गेला. माझी समजूत अशी की पैसे मी मोजतो, तर पुस्तक माझं. भाचा म्हणाला, "मामा, कायद्यात तसं नाही." १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम १७: जो लिहितो तोच पहिला मालक. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाकडे जातो, पण फ्रीलान्सर हा नोकर नव्हे. म्हणून हक्क लेखी लिहून घ्यावे लागतात, लिहिणाऱ्याच्या सहीनिशी. कलम १९ मध्ये काय काय लिहायचं तेही दिलेलं आहे: कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती. काळ लिहायचा राहिला तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश राहिला तर फक्त भारत. आणि आणखी एक मेख अशी की घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते हस्तांतरण गळून पडतं, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. माझ्यासारख्याचं पुस्तक छापखान्यात वर्षभर सहज पडून राहू शकतं, त्यामुळे ते वेगळं काही आम्ही मुद्दाम म्हटलं.

कलम ५७ वर मात्र भाचा अडला. हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार त्या कलमानुसार त्याच्यापाशीच राहतो. तिनं 'मी जाहीरपणे दावा करणार नाही' असं लिहून दिलं. पण भाच्यानं स्वच्छ सांगितलं की यातलं खरं कुलूप कागदाचं नाही, दोघांमधल्या विश्वासाचं आहे. त्यानं मला फ्रान्सचा एक किस्सा ऐकवला. अलेक्झांडर द्युमाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांमागे ओग्युस्त माके नावाचा माणूस होता. दोघांचं बिनसलं, माके कोर्टात गेला, पैसे मिळाले, पण लेखक म्हणून नाव काही मिळालं नाही. मी विचारलं, मग चूक कुणाची? भाचा म्हणाला, "मामा, मी वकील आहे, मला फीस कुणी दिली ते सांगा." असो.

करार पाचशेच्या मुद्रांकावर झाला, शंभराचा आता चालत नाही. त्यात मी एक कलम वाढवलं: मजकूर मशिनकडून लिहून घ्यायचा नाही, आणि लिखाण गूगल डॉक्समध्येच करायचं. तिथं कुठलं वाक्य कधी टाईप झालं, कधी खोडलं, ते दिसतं. मी ते रोज तपासत बसलो नाही, पण पहिल्या नमुन्याच्या अनुभवानंतर ती सोय असलेली बरी वाटली.

आता पोरगी लिहायला बसेल असं मला वाटलं. तिनं बसायच्या आधी मला प्रश्नांची यादी पाठवली. गार्डचं लग्न कधी झालं, मुलं किती, कर्ज आहे का, कारकुनाशी त्याची ओळख किती जुनी. हे सोपं होतं. मग एक प्रश्न: "काका, त्याला ती पेटी उघडायची आहे की नाही?"

मी फोनवर म्हणालो, "अहो मॅडम, उघडायचीच ना, त्याशिवाय गोष्ट पुढं कशी जाणार?"

"ते तुमच्यासाठी. त्याच्यासाठी काय?"

मी चार दिवस त्याच विचारात फिरलो. अंबाझरीला फिरायला जायचो तिथंही तेच. पेटीत काय आहे हे मला माहीत होतं, कारकून कुठं गेला हेही माहीत होतं, पण गार्डला काय पाहिजे हे मी कधी ठरवलंच नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: त्याला पेटी उघडायचीच नाही, त्याला ती दुसऱ्याच्या ड्यूटीत ढकलायची आहे. आणि प्रत्येक वेळी ती फिरून त्याच्याच डब्यात येते. या एका ठरवण्यानं सबंध कादंबरी बदलली. तिनं मग चोवीस प्रकरणांचा आराखडा केला, प्रत्येकी सात-आठ ओळी. आम्ही फोनवर तो भांडून भांडून पक्का केला. लिहून घेणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथं. आराखड्यात एक प्रकरण हलवायला दहा मिनिटं लागतात; लिहून झाल्यावर तेच हलवलं तर पुढची सहा प्रकरणं कोसळतात.

प्रकरणं यायला लागली तसं मी शेरे मारायला लागलो, आणि पहिल्या दोन प्रकरणांवर इतके मारले की तिनं फोन केला. म्हणाली, "काका, तुम्ही शब्द बदलून देऊ नका. मला तीनच गोष्टी सांगा. असं प्रत्यक्षात घडत नाही, ही एक. हा माणूस असं करणार नाही, ही दुसरी. आणि इथं कंटाळा आला, ही तिसरी. शब्दांचं आपण शेवटी बघू." मी मान्य केलं, कारण 'कसं तरी वाटतं', 'जमलं नाही' अशा शेऱ्यांवर लिहिणाऱ्याला काहीच करता येत नाही हे मलाही दिसत होतं.

पहिल्या प्रकारचे शेरे माझ्या हक्काचे. एका ठिकाणी तिचा गार्ड गाडी थांबवायला साखळी ओढत होता. गार्ड साखळी ओढत नाही. त्याच्या डब्यात व्हॅक्यूम ब्रेकचा काटा असतो आणि तो ब्रेक लावायचं हँडल असतं; हँडल खाली केलं की काटा पडतो, आणि काटा पडताना पाहिला की पोटात कसं होतं ते मी तिला सांगितलं. दुसऱ्या जागी गार्डनं हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी सुटली. नुसत्या झेंड्यानं गाडी सुटत नाही. ड्रायव्हरला आधी पुढं जायची परवानगी मिळाली पाहिजे, मग त्यानं शिटी द्यायची, मग गार्डचा झेंडा. ही क्रमवारी तिनं पुढं अशी वापरली की मी थक्क झालो. सोळाव्या प्रकरणात ड्रायव्हर शिटी देतो, परत देतो, आणि गार्ड झेंडा दाखवत नाही, कारण फलाटावर त्याला कारकुनाची बहीण दिसली आहे.

थंडीच्या दिवसांत ती नागपूरला आली. तिकीट मी काढलं. असा खर्च करारात आधीच लिहिलेला बरा. कडबी चौकाजवळ मोतीबागेत छोट्या लाइनीचं संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं. तिथं तिला घेऊन गेलो. मला वाटलं होतं ती इंजिनाचे फोटो काढेल. ती डब्याच्या दारात उभी राहिली आणि विचारायला लागली: कंदील कुठल्या हातात? मग झेंडा कुठल्या हातात? जेवणाचा डबा कुठं ठेवायचे? पाऊस आला की कुठल्या बाजूनं आत यायचा? मी सांगितलं की हातकंदिलाचं घासलेट बोटांना लागायचं आणि पोळीला त्याचा वास यायचा, म्हणून मी पहिला घास नेहमी भाताचा, चमच्यानं घ्यायचो. तिनं ते लिहूनही घेतलं नाही, नुसती मान हलवली. पुढच्या प्रकरणात गार्डची बायको त्याला डब्यात चमचा टाकायला विसरते, आणि त्यावरून नवऱ्याला कळतं की घरी काहीतरी बिनसलं आहे. ते माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. पण ते प्रकरण मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला 'मी नाही लिहिलं हे' असं सांगावं लागलं.

खरी मारामारी झाली ती बोलीवरून. पहिल्या खर्ड्यात तिची वैदर्भी माणसं मालिकेतल्यासारखी बोलत होती. कारकुनाची म्हातारी आई गार्डला म्हणते, "अबे भाऊ, माहा पोरगा कुठी गेला बे, सांग ना बे!" बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "ही उमरेडची बाई आहे की टीव्हीवरची?" नागपुरात 'बे' आहेच, पण तो मित्रामित्रांत, बरोबरीच्यात, फार तर रागात. म्हातारी बाई ड्यूटीवरच्या गार्डला तसं म्हणणार नाही. ती दबून बोलेल: "गार्डसाहेब, माहा पोरगा दिसला काय तुमाले?" विनोदासाठी वापरून वापरून आमची बोली लोकांनी अशी करून ठेवली आहे की तिच्यात कुणी रडूही शकतो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. त्यात पुन्हा लाइन नागपूरहून नागभीडला जाते, म्हणजे शेवटाकडे झाडीबोलीचा मुलूख लागतो. तिथली माणसं नागपूरवाल्यासारखी बोलत नाहीत.

यावर उपाय म्हणून मी फोन घेऊन उमरेडला माझ्या चुलतभावाकडे गेलो. त्याच्या ओसरीवर चार माणसं जमली, त्यांना सांगून, विचारून तासभर गप्पा रेकॉर्ड केल्या. भिवापूरला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे तोच प्रकार केला. मिरचीचा भाव पडला म्हणून चिडलेला माणूस कसा बोलतो, हे पुण्यात बसून कुणाला कळणार? ती ते इअरफोन लावून ऐकत राहिली. मग आम्ही एक नियम केला. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं बोलीत, आणि प्रत्येक माणसाची बोली त्याच्या गावाप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे. कारकून साहेबासमोर एक बोलतो आणि घरी दुसरं. दुसऱ्या खर्ड्यात म्हातारी एवढंच म्हणते, "तो जेऊन नाही गेला." मी त्यावर शेरा मारला नाही.

आराखडा सोडून ती दोनदा बाहेर गेली. एकदा तिनं नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक घातली. बडगे, पिपाण्या, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत निघालेली गर्दी, आणि त्यात गार्ड कारकुनाला शोधतो आहे. लिहिलं होतं झकास. नागपूरचा माणूस म्हणून मला ते काढवेना. पण मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावण संपल्यावर लगेच, आणि आमची गोष्ट त्या जागी माघात होती. शिवाय त्या पानांत गोष्ट एक पाऊलही पुढं सरकत नव्हती. प्रकरण काढलं, पैसे दिले. दुसऱ्यांदा तिनं कारकुनाच्या बहिणीला मोठं केलं. माझ्या मनात ती दोन प्रसंगांपुरती होती. मी हरकत घेतली, तिनं सविस्तर बाजू मांडली. शेवटचा शब्द माझा असं करारात होतं, तो मी वापरला आणि बहीण ठेवली. शेवटचा शब्द आपला म्हणजे दर वेळी 'नाही'च म्हणायचं असं नाही.

मध्ये एक महिना ती गायब होती. मालिकेचं काम अंगावर आलं, फोन उचलेना. मेसेजला 'करते काका' एवढंच. करारात मुदत उलटल्यावर पंधरा दिवसांची सवलत होती, तीही संपली. मी रागावून काही लिहिलं नाही. एवढंच कळवलं की पुढच्या प्रकरणाची नवी तारीख तू सांग, आणि ती तारीख चुकली तर आपण इथंच हिशेब करून थांबू, आजवरची प्रकरणं माझी, त्याचे पैसे तुझे. तारीख आली, प्रकरणही आलं. एव्हाना 'मॅडम'ची 'बेटा' झाली होती, पण तो मेसेज लिहिताना मी मुद्दाम बेटा लिहिलं नाही.

नावाचा विषय मीच काढला. आतल्या पानावर 'लेखनसाहाय्य' म्हणून तुझं नाव टाकतो, म्हटलं. ती म्हणाली, "नको काका. नावानं घरभाडं भागत नाही, आणि मला माझ्या नावावर पहिली कादंबरी माझीच हवी आहे." मग मुखपृष्ठावर माझं नाव गेलं. विचारणाऱ्याला मी सांगतो की लिहून घेतली आहे. गुप्ततेचं बंधन तिच्यावर आहे, माझ्यावर नाही. पुरस्कारांना मात्र पुस्तक पाठवलं नाही. ओळखीच्या दोघा-तिघांनी आग्रह केला, एक तर अर्जही घेऊन आला होता. पुरस्कार लेखनाला देतात, आणि वाक्यं तिची आहेत. वाचकाला विकायला मला संकोच वाटत नाही, कारण वाचक गोष्टीचे पैसे देतो, आणि गोष्ट कुणाची आहे ते मला चांगलं माहीत आहे.

छपाईचं थोडक्यात सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, स्वतः छापणाऱ्यालाही. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आमची फाइल युनिकोडमध्ये, डीटीपीवाल्याचं काम श्रीलिपीत, म्हणजे वेगळ्याच फॉन्टपद्धतीत. फाइल बदलताना रफार एका अक्षरानं सरकले आणि 'ऱ्या'च्या जागी चौकोन आले. बोलीतले संवाद तर त्यानं आपणहून 'शुद्ध' करून ठेवले होते, 'तुमाले'चं 'तुम्हाला'! प्रुफं तपासणं तिच्या करारात नव्हतं, ती मी आणि बायकोनं मिळून तपासली, मोठ्यानं वाचून, एकानं छापील आणि एकानं मूळ घेऊन. तीनशे प्रती काढल्या. रेल्वेतल्या जुन्या लोकांनीच निम्म्या नेल्या. त्यांच्यातला एक जण सोळाव्या प्रकरणातल्या शिटीबद्दल माझ्याशी वाद घालायला घरी आला आणि जेवूनच गेला.

दुसरी गोष्ट डोक्यात आहे, उमरेडच्या कोळशाची. तिला फोन केला. तिचं स्वतःचं पुस्तक अजून अर्धं आहे, पण वेळ काढते म्हणाली. भाव वाढला आहे. सव्वा लाख म्हणते, शिवाय मशिनचं कलम या वेळी दोघांनाही लागू पाहिजे म्हणते, म्हणजे मी आराखडा मशिनकडून काढायचा नाही. कलम मी मान्य केलं. पैशांत एक लाख दहावर अडून बसलोय.